बर्फराणीला नीळ किती द्यावी?

प्रश्न फोंड्याहून आलाय. आधी तो थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं अधांतरी वाटणार नाही. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली ३२ मिमीची एक हिमचेटकी आहे. अंगात फरची कॉलर असलेला पायघोळ झगा, हातात टोकाला स्फटिक बसवलेला दंड, पायाखाली खडक. प्रश्नकर्त्याने काळा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारला, तीन वेगवेगळे निळे आणले, ते सगळीकडे लावले आणि वरून पांढऱ्याचा ड्रायब्रश फिरवला, म्हणजे जवळजवळ कोरडा कुंचला नुसता उंचवट्यांवर घासला. तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की बसायचं. शेवटी धाकट्या भावाने बघितलं आणि म्हणाला, "ही साबणाच्या जाहिरातीतली बाई वाटते." म्हणून विचारणा अशी की मूर्ती थंड दिसायला नेमका कोणता निळा घ्यावा.

चौथा निळा घेऊ नका. आहेत त्यातलेही दोन तूर्तास डब्यात ठेवा. तुमच्या चेटकीच्या अंगावर निळ्याशिवाय काहीच नाही, त्यामुळे तो निळा थंडीचा न वाटता नुसता तिच्या कपड्यांचा रंग वाटतो. थंडी डोळ्याला तुलनेत कळते. शेजारी थोडं ऊबदार काहीतरी असावं लागतं, बराचसा भाग करडा असावा लागतो आणि काळोख-उजेडाची मांडणी आधी झालेली असावी लागते. ही तिन्ही कामं तुम्ही एकट्या निळ्यावर टाकलीत.

आमच्या लहानपणी शाळेचा पांढरा सदरा धुतला की आई शेवटच्या पाण्यात नीळ घालायची. पांढरा कपडा वापरून पिवळट पडतो. निळीचे दोन थेंब तो पिवळटपणा मारतात आणि सदरा जास्त पांढरा, जरा गारसर दिसायला लागतो. कपड्यावर निळा रंग चढलाय हे कुणाच्या ध्यानात येत नाही, सगळे म्हणतात काय स्वच्छ आहे. पण एखाद्या दिवशी हात सैल सुटला की तोच सदरा ढगाळ निळा होऊन यायचा आणि वर्गात दिवसभर चेष्टा. तुमच्या चेटकीला नीळ जास्त झालीय. भावाला साबणाची जाहिरात आठवली ती उगाच नाही, पोराची नजर चांगली आहे.

माझ्याविषयी एवढंच की मी डिचोलीचा. आजोळी गणपतीची चित्रशाळा, त्यामुळे हातात कुंचला लवकर आला. मिनिएचर, म्हणजे अशा बोटभर मूर्ती, मात्र गेली चौदा-पंधरा वर्षं रंगवतोय. बर्फ आयुष्यात एकदाच पाहिलंय, हिमाचलात, तेही दोन दिवस. आमच्याकडे डिसेंबरात पारा २० अंशांच्या आसपास आला की लोक स्वेटर शोधायला लागतात. तेव्हा बर्फ बघून रंगवतो असा दावा मी करणार नाही. मी शिकलो ते मासळी बाजारात, त्यावर पुढे येतो.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या आधी ठरवा. मूर्ती खेळायच्या पटावर जाणार की कपाटात? पटावर ती हातभर अंतरावरून दिसते, तिथे काळोख-उजेडातला फरक मोठा लागतो आणि नाजूक छटा वाया जातात. कपाटातली माणूस नाकाजवळ धरून बघतो. दुसरं, ही बाई जिवंत आहे की बर्फाचीच बनलेली? जिवंत असेल तर थंडीत तिचं नाक लाल होणार. बर्फाची असेल तर तिच्यात लाल काही नाही, ऊब बाहेरून कुठूनतरी आणावी लागेल. आणि तिसरं, ती कुठल्या उजेडात उभी आहे? स्वच्छ आकाशाखाली मावळतीचा सूर्य असेल तर उजेड फिकट पिवळा आणि सावल्या निळ्या-जांभळ्या, कारण सावलीतल्या बर्फावर फक्त निळ्या आकाशाचा उजेड पडतो. ढगाळ असेल तर उजेड वरून सगळीकडून सारखा, सावल्या मऊ, कुठेच टोकाचा रंग नाही. पहिल्या खेपेला मी ढगाळच सुचवेन. मावळतीचा प्रकार देखणा दिसतो, पण त्यात प्रत्येक घडीला सूर्य कुठल्या बाजूला आहे ते लक्षात ठेवावं लागतं आणि अर्ध्या वाटेवर माणूस विसरतो.

आता काळोख-उजेड. चित्रशाळेत मामा नवीन पोरांना सांगायचे, "पयलीं काळोख कर, उजवाड मागीर येता." म्हणजे आधी काळोख कर, उजेड मागून येतो. मातीच्या मूर्तीला ते किती लागू होतं माहीत नाही, पण ३२ मिमीच्या बाहुलीला शब्दशः लागू होतं. एवढ्याशा आकारावर खोलीतला उजेड सावल्या पाडू शकत नाही, त्या रंगवूनच दाखवाव्या लागतात. काळ्यावरून पांढऱ्याचा ड्रायब्रश मारला की उंचवटे खडू घासल्यासारखे दिसतात, मधल्या छटाच राहत नाहीत. तुमच्या झग्याचं तेच झालंय. मी प्रायमर करडा घेतो, मध्यम राखाडी. तो वाळला की खाली तोंड असलेल्या सगळ्या जागांवर, म्हणजे हातांखाली, झग्याच्या आतल्या चुण्यांत, कॉलरखाली, काळा अधिक निळा पातळ करून सोडतो. मग वरून, डोक्याकडून खाली, मऊ मोठ्या ब्रशने ओलसर पांढरा हलका ओढतो. एअरब्रश असेल तर हे दोन मिनिटांत होतं, नसेल तर अर्धा तास. रंग लावायच्या आधी एवढ्यावरच मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा. चेहरा कुठे आहे ते फोटोत लगेच कळलं पाहिजे. नाही कळलं तर पुढे जाऊ नका. नंतर कितीही रंग ओतले तरी तो दोष झाकत नाही, हे मी स्वतःच्या डझनभर मूर्तींवर करून पाहिलंय.

रात्री जेवणानंतर बसायचात असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून एक विचारतो: खोलीतला दिवा पिवळा आहे का? पिवळ्या उजेडात निळा मरगळलेला, काळपट दिसतो. मग माणूस त्यात अजून निळा घालतो, आणि सकाळी उन्हात बघतो तर मूर्ती किंचाळतेय. टेबलावर ५००० ते ६५०० केल्विनचा पांढरा दिवा घ्या आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो तो आकडा, ९० च्या वर लिहिलेला आहे ना ते पाहा. माझं टेबल पूर्वी अंगणाकडच्या खिडकीशी होतं. समोर शेजाऱ्याची उघड्या चिऱ्याची भिंत. दुपारी ऊन तिच्यावर पडलं की सगळी खोली तांबूस व्हायची आणि मी रंगवलेले सगळे राखाडी दोन पावलं निळ्याकडे सरकलेले असायचे. कारण कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. शेवटी टेबल हलवलं.

मासळी बाजाराकडे येऊ. कधीतरी सकाळी पिशवी भरायची घाई न करता बर्फातला ताजा बांगडा नीट बघा. पाठ निळसर-हिरवी, तिच्यावर गडद रेघा, खाली कूस चंदेरी, पोट जवळजवळ पांढरं. बघताक्षणी गार वाटतं. पण चंदेरी कुशीवर जरा तिरकस उजेड येऊ द्या, तिथे सोनेरी झाक असते. आणि कोळणीने कल्ला उचलून दाखवला की आत लालभडक. तेवढ्या एका लाल फटीमुळे बाकीचा मासा दुप्पट गार दिसतो. प्रमाण बघा: अर्ध्याहून जास्त करडं-चंदेरी, पाव भाग गडद निळं-हिरवं, थोडं पांढरं, सोनं नावापुरतं आणि लाल बोटाच्या पेराएवढं. माझ्या बहुतेक हिवाळी मूर्ती याच प्रमाणात असतात. आमच्या घरात या रंगसंगतीला 'बांगडो' असंच म्हणतात. बायको विचारते, "आज कोण, बांगडो?" मी म्हणतो, होय.

शेजारचा रंग बघणाऱ्याच्या डोळ्यात मूळ रंगाला आपल्या उलट दिशेला ढकलतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं. ते पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते आणि गालिचे-पडद्यांच्या धाग्यांचे रंग बिघडल्याच्या तक्रारींचा माग काढताना त्यांना कळलं की रंग ठीक होता, शेजारचा धागा खोडी करत होता. पणजीत फोंताइनसच्या गल्लीत हे फुकट बघायला मिळतं. पिवळ्या-गेरूच्या भिंतीत बसवलेली निळ्या-पांढऱ्या टाइलची नावाची पाटी किती थंडगार दिसते! तीच टाइल निळ्या भिंतीवर लावा, कुणी वळून बघणार नाही. आणि त्या टाइलीत निळा एकच असतो, फक्त कुठे दाट तर कुठे पाण्यासारखा पातळ. तीन बाटल्यांची गरज का नाही ते यातून समजेल.

तरी कोणता निळा ठेवायचा ते सांगतो, कारण सगळे निळे सारखे वागत नाहीत. बाटलीच्या किंवा ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा क्रमांक असेल तर तो वाचा, नावं फसवी असतात. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, तो किंचित तांबड्याकडे, जांभळ्याकडे झुकतो. फ्थॅलो म्हणजे पीबी १५, हिरव्याकडे झुकणारा आणि भयंकर ताकदवान. टाचणीच्या टोकाएवढा घेतला तरी सगळी पॅलेट गिळतो. प्रशियन निळा, पीबी २७, या दोघांपेक्षा मवाळ, काळपट. तुमच्या फोटोतला निऑनसारखा चमकणारा निळा बहुधा फ्थॅलो आणि पांढरा यांचं मिश्रण असावं. ते प्लास्टिकच्या खेळण्यांत फार दिसतं, म्हणून डोळ्याला ती सवय आहे. तुम्ही अल्ट्रामरीन ठेवा. त्याच्यासोबत काळा, टायटॅनियम पांढरा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे भाजलेल्या मातीचा तपकिरी, एवढे चार पुरतात.

नुसता काळा आणि पांढरा मिसळला तरी येणारा राखाडी निळसर असतो. पुष्कळांना हे खरं वाटत नाही. पांढऱ्या कागदावर तो राखाडी लावा आणि शेजारी अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना मिसळून केलेला राखाडी लावा, मग दिसेल. झग्यासाठी मी असं करतो: काळ्या-पांढऱ्याचा मध्यम राखाडी तीन भाग, अल्ट्रामरीन एक भाग आणि बर्न्ट सिएनाचा कुंचल्याच्या टोकावर मावेल एवढा स्पर्श. सिएना कशाला, तर निळ्याची धार बोथट करायला. त्याच्याविना झगा पुन्हा साबणाच्या जाहिरातीत जातो. सावलीसाठी याच मिश्रणात अल्ट्रामरीन आणि काळा वाढवायचा. उजेडासाठी पांढरा वाढवत न्यायचा, पण दर वेळी त्या फिकट मिश्रणात राखाडी राहील असं बघायचं. शुद्ध पांढरा झग्यावर कुठेही नको. तो मी मूर्तीभर मोजून पाच-सहा ठिकाणी लावतो: डोळ्यातला ठिपका, स्फटिकाचं टोक, फरचे दोन-तीन केस, कॉलरची वरची कड. बाकी सगळं 'जवळजवळ पांढरं'.

थर पातळ ठेवा. ट्यूबमधले ॲक्रिलिक कॅनव्हाससाठीचे असतात, दाट असतात आणि त्यातली भुकटी मिनिएचरच्या रंगांइतकी बारीक नसते. ते चालतात, पण पाण्यासोबत थोडं ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगातलं बिनरंगाचं माध्यम, घालून साईच्या दुधाइतके पातळ करून. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघा. रेघ पसरली तर पाणी जास्त, कुंचल्याच्या केसांचे ओरखडे दिसले तर कमी. शेवटी झगा वाळल्यावर सावल्यांत अल्ट्रामरीनचं ग्लेझ द्यायचं, म्हणजे जवळजवळ पाणीच, त्यात रंगाची फक्त आठवण. कुंचला टिशूवर टेकवून ओलावा काढायचा आणि मग सावलीच्या दिशेने ओढायचं, कारण कुंचला उचलतो तिथे रंग साचतो. मी सुरुवातीला सांगितलेली आईची नीळ हीच. ती आधी नाही, शेवटच्या पाण्यात.

रंग सुकू न देणाऱ्या ओल्या पॅलेटचं जाता जाता सांगतो. डबा, त्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, सगळे हेच वापरतात. पण आपल्याकडे जूनपासून तीन दिवसांत त्यात बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो. उकळून गार केलेलं पाणी वापरा आणि दर दोन दिवसांनी स्पंज पिळून उन्हात टाका. ऊन मिळालं तर.

चेहरा. जिवंत बाई असेल तर त्वचेला निळा लावू नका, पाहणाऱ्याला ती बुडून मेलेली वाटेल. थंडीत त्वचेखालचं रक्त आत ओढलं जातं म्हणून माणूस फिकट दिसतो, पण नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, गाल आणि बोटांची पेरं तांबूस-जांभळी होतात. तेव्हा फिकट त्वचा, तिच्यात राखाडीचा थेंब, आणि या चार जागी पातळ लाल-जांभळ्याचं ग्लेझ. डोळ्यांभोवती तेच, जरा गडद. एवढं केलं की बघणारा आपसूक म्हणतो, हिला थंडी वाजतेय. तुमची मात्र चेटकी आहे, तिला थंडी वाजत नसावी. मग चेहरा झग्याच्याच राखाडीत, पण दोन पायऱ्या उजळ करा, आणि ओठांवर मंद जांभळा. डोळे सगळ्यात शेवटी. चित्रशाळेतही गणपतीचे डोळे शेवटी उघडतात. तिथे कारण श्रद्धेचं आहे, इथे साधं आहे: डोळे झाल्यावर कुठेही हात लागला तर तेच बिघडतात.

आता कल्ल्यातलं लाल. तुमच्या मूर्तीला कमरेला पट्टा आहे, दंडाला मुठीपाशी दोरी गुंडाळलेली आहे आणि गळ्यात मणी आहे. तिन्ही तुम्ही निळे केलेत! पट्टा आणि दोरी बर्न्ट सिएनात जरासा पिवळा घालून चामड्याची करा. मणी शेंदरी नको, मधासारखा करा: तळाला तपकिरी, वर पिवळा, एक पांढरा ठिपका. तो चेहऱ्याजवळ आहे, म्हणजे बघणाऱ्याचं लक्ष जायला हवं तिथेच जाईल. पायाशी एखादं ऊबदार टिपूस हवं असेल तर खडकाच्या फटीत सुकलेल्या गवताचे चार तुकडे पुरे. यापुढे हात आवरा. ऊब दोन ठिकाणी वाढवली की थंडी अर्धी होते. दिवाळीत नरकासुराच्या रात्री गल्लोगल्ली उभे केलेले पुतळे बघा ना, काळ्यानिळ्या चेहऱ्यावर नुसते लाल डोळे असले की पोरं आईला बिलगतात. त्यालाच कुणी लाल मुकुट, लाल धोतर, लाल ढाल दिली की तो शिगम्याच्या चित्ररथावरचा होतो.

स्फटिकाचं मात्र जरा विस्ताराने सांगतो, कारण इथे बहुतेक जण उलटं करतात. मासळीसाठी बर्फाच्या लाद्या येतात त्या पाहिल्यात? कडेला काचेसारख्या आरपार आणि मधोमध पांढरा ढगाळ गाभा. कारखान्यात पाण्याचे डबे गार मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, त्यामुळे पाणी भिंतींकडून आतल्या बाजूला गोठत जातं. गोठताना बर्फ हवेला आणि विरघळलेल्या क्षारांना सामावून घेत नाही, पुढे ढकलत नेतं, आणि शेवटी ते सगळं मधोमध अडकतं. म्हणून पांढरं आत, आरपार बाहेर. आपण स्फटिक रंगवताना कडा पांढऱ्या करतो आणि मध्य गडद निळा, तो हिरा होतो किंवा काचेचा तुकडा. बर्फ हवं असेल तर गाभ्याजवळ फिकट, दुधाळ, ओल्या-ओल्यात पसरवलेला पांढरा ठेवा. त्याच्याभोवती करडा-हिरवट, इथे तुमच्या फ्थॅलोला काम मिळेल, पण पाण्यासारखा पातळ. जाड बर्फ उजेडातला तांबडा भाग शोषून घेतं म्हणून खोलात निळसर-हिरवं दिसतं. कडांना केसाएवढी पांढरी रेघ, तीही तुटक. वाळल्यावर फक्त स्फटिकाला चकचकीत वॉर्निश. मूर्तीवर चमक तेवढी एकच असली की तो ओला वाटतो.

खडकावरच्या बर्फासाठी तुम्ही खायचा सोडा आणि झटपट गोंद वापरणार म्हणालात. नका वापरू. मीही वापरला होता. पहिला महिना झकास दिसतो, पावसाळा गेला की पिवळा पडतो. एका हिवाळी लांडग्याच्या पायाखाली मी केलेलं बर्फ दुसऱ्या वर्षी असं दिसत होतं की लांडग्याने काय केलं असेल ते सांगायला नको. त्यापेक्षा दाराची पांढरी रांगोळी आणा, दगडाच्या भुकटीची. मलमलच्या फडक्यातून दोनदा चाळा. चाळताना नाकाला रुमाल बांधा, ती धूळ फुप्फुसाला बरी नाही. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, ॲक्रिलिक मीडियममध्ये कालवा आणि टायटॅनियम पांढरा नक्की घाला. नुसती रांगोळी मीडियममध्ये भिजली की करडी, अर्धपारदर्शक होते. खरं बर्फही असंच: प्रत्येक कण आरपार असतो, कणांमधल्या हवेमुळे उजेड विखुरतो म्हणून ढीग पांढरा दिसतो. माशांच्या खोक्यातला चुरा वितळायला लागला की काचेसारखा करडा होतो ना, कारण हवेच्या जागी पाणी शिरतं. मीडियम तेच करतं. त्यावरून एक युक्तीही मिळते: तिच्या पावलांभोवती पांढरा न घालता नुसती रांगोळी-मीडियम लावा, तिथलं बर्फ तुडवून वितळल्यासारखं दिसेल.

बर्फ वरून पडतं, तेव्हा ते वर तोंड असलेल्या जागांवरच ठेवा आणि खडकाच्या एका बाजूला जास्त, वारा जिथून येतो त्याच्या उलट, आडोशाच्या बाजूला. मूर्तीच्या अंगावर शक्यतो नको. झग्याच्या घेरावर खालून अर्धा सेंटिमीटर ओलसर गडद पट्टा आणि त्यावर दोन-तीन कण, बास.

राहिलं वॉर्निश, आणि इथे तुम्हाला थांबायला सांगणार आहे. गोव्यात वर्षाला जवळपास ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून ते सप्टेंबर. त्या हवेत स्प्रेचा प्रायमर दाणेदार बसतो आणि मॅट स्प्रे पांढरा फुटतो. काही वर्षांपूर्वी जुलैत, पावसाने तासभर उघडीप दिली म्हणून, मी गच्चीत जाऊन एका काळ्या चिलखतातल्या सरदारावर मॅट स्प्रे मारला. दहा मिनिटांत त्याच्यावर पिठासारखा थर. महिनाभराचं काम. गंमत म्हणजे हिवाळी मूर्ती असती तर कुणाला कळलंही नसतं. नंतर चकचकीत वॉर्निश कुंचल्याने लावल्यावर बराचसा रंग परत वर आला, कारण तो थर म्हणजे पृष्ठभागावरचा खडबडीतपणा असतो आणि चकचकीत वॉर्निश तो भरून काढतं. सगळा परत आला नाही. बगलेत अजून पीठ आहे. तेव्हापासून पावसाळ्यात प्रायमर आणि वॉर्निश दोन्ही कुंचल्याने लावतो, आणि स्प्रे मारायचाच तर दिवाळीनंतरच्या कोरड्या दुपारी. तुमचा स्फटिक मॅट वॉर्निश झाल्यानंतर चकचकीत करा, आधी केलात तर दोनदा करावा लागेल.

आहे ती मूर्ती टाकून देऊ नका, रंग खरवडायचीही गरज नाही. काळ्या-पांढऱ्याचा राखाडी पातळ करून झग्यावर दोन हात फिरवा, निळा खालून डोकावत राहील, ते चांगलंच दिसेल. मग पट्टा, दोरी, मणी. एवढं एका रविवारी होतं. स्फटिक दुसऱ्या रविवारी.

झाली की फोटो पाठवा, पण दिवसा, सावलीत, आणि मूर्तीशेजारी एक पांढरा कागद ठेवून. चौकटभर थंड रंग दिसले की मोबाइलला वाटतं उजेडच निळा आहे, आणि तो आपल्या मनाने सगळं पिवळ्याकडे ओढतो. कागद दिसला की मला कळेल नीळ तुमच्या हातून कमी पडली की फोनने धुतली.